दुसरा दम

आपल्या मराठीत दुखण्यांना शब्दांची ददात नाही. रात्री झोपेत पोटरी आखडली तर कुणी म्हणते पायात गोळा आला, कुणी म्हणते वांब आला, कुणी म्हणते पेटका आला. उपायही ठरलेले असतात. अंगठा धरून पाय ताणावा, खोबरेल चोळावे, केळे खावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. आयुष्याची पहिली सेहेचाळीस वर्षे हे सगळे शब्द आणि हे सगळे उपाय माझ्या वाट्याला आले. त्यांतले काहीच मला लागू नव्हते. फक्त शेवटच्या उपायातली साखर तेवढी खरी होती. पण ती हकीकत पुढे येईल.

माझा गोळा झोपेत येत नाही. तो काम करताना येतो, आणि तोही काम सुरू झाल्यावर पहिल्या पाच-सात मिनिटांत. नेहमीच्या पेटक्यात मज्जातंतू विनाकारण हुकूम सोडीत राहतात आणि स्नायू तो पाळीत राहतो. विजेच्या यंत्रावर त्याची खडखड उमटते. माझा स्नायू आखडलेला असताना तेच यंत्र लावले तर ते गप्प बसते. कारण हुकूम कुणी दिलेलाच नसतो. स्नायू आवळायला लागते तेवढी शक्ती खर्च होऊन गेलेली असते आणि सैल व्हायला लागते तेवढी उरलेली नसते. सैल व्हायलाही शक्ती लागते, हे मला फार उशिरा कळले. अशा गाठीला ओढून, ताणून किंवा जोराने चोळून काही साधत नाही. ती आपली आपणच, काही तासांनी सुटते.

हे सारे मला पहिल्यांदा नीट दिसले ते चकल्यांच्या सोऱ्यावर. माझे लग्न १९८७ च्या मे महिन्यात झाले आणि मी पुण्याहून गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर नांदायला आले. पहिली दिवाळी. सासूबाईंनी दोन किलोंची भाजणी भिजवली आणि पितळी सोऱ्या माझ्या हाती दिला. ज्यांनी तो कधी दाबला असेल त्यांना ठाऊक आहे की पीठ जरा घट्ट झाले की दोन्ही मनगटांचा जीव काढते. चौथा घाणा कढईत पडायच्या आत माझी उजव्या हाताची बोटे सोऱ्याच्या मुठीवर मिटली ती उघडेनात. डाव्या हाताने एकेक बोट उचलावे तर कळ थेट कोपरापर्यंत जाई. कढईतले तेल तापत होते, चुलत सासूबाई बघत होत्या, आणि नवी सून सोऱ्या धरून पुतळ्यासारखी उभी! “पुण्याकडे चकल्या विकत आणतात वाटतं,” असे त्या म्हणाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी गॅस बारीक केला, माझ्या हातातून सोऱ्या सोडवून घेतला आणि मला लाडू वळायला बसवले. लाडू मला नीट वळता येत, कारण त्यात मूठ मिटते तशी लगेच उघडतेही.

पुढे कित्येक वर्षे मला घरकामाचा एक नकाशाच पाठ झाला होता. कणीक मळणे वाईट, पोळ्या लाटणे चालते. चादर पिळणे फार वाईट, वाळत घालणे चालते. नारळ खवणे अर्ध्या वाटीपर्यंत ठीक. भरलेली बादली जागच्या जागी धरून उभे राहणे हे धावण्याइतकेच जड. ज्या कामात स्नायू ताठ धरून ठेवावा लागतो, किंवा एकदम जोर लावावा लागतो, ते काम माझे शत्रू. आणि संथपणे, पुन्हापुन्हा करायचे काम माझे मित्र. का, ते कुणालाच माहीत नव्हते. बघणाऱ्याला मात्र एवढेच दिसे की ही बाई बाजारात तासभर हिंडते, पण कणीक मळायला सांगितली की हिचे हात दुखतात. अशा बाईला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहायची गरज नाही.

जिन्याची गंमत निराळी. एकटी चढले की दुसऱ्या मजल्यावर मांड्यांचे दगड होत. सासूबाईंबरोबर चढले की काहीच होत नसे. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या पावलापावलाने चढत आणि प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाच्या तरी दारात दोन मिनिटे बोलत. मी मनातल्या मनात त्यांच्या गप्पांना त्रासत असे. माझ्या आजाराचा सर्वांत उत्तम उपचार त्या बाई मला फुकट देत होत्या, हे ना त्यांना ठाऊक ना मला.

पण माझे काय, बायकांना सावरून घेणारे चार हात असतात. ज्याचे खरोखर हाल झाले तो माझा थोरला भाऊ. आमचे वडील, अण्णा, शाळेत शिक्षक होते आणि व्यायामाचे कडवे भक्त. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला त्या काळातले ते. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे साडेपाचला दिवा लागे आणि दादाला पंचवीस नमस्कार घालावेच लागत. सहाव्या-सातव्याला, हात टेकून शरीर लाकडासारखे सरळ धरायचे त्या ठिकाणी, त्याचे दंड आखडत आणि तो छातीवर आदळे. अण्णा म्हणत, “मन कमकुवत आहे.” मग पट्टी. मला मुलगी म्हणून बारांवर सूट होती.

दादाने यावर एक युक्ती काढली होती. तो पाच वाजताच उठून वाड्याच्या चौकात गोल गोल चालत राही. दहा-पंधरा मिनिटे चालून आला की त्याचे नमस्कार पंचवीसच्या पंचवीस पार पडत. अण्णांनी हे पाहिले आणि त्यांना वाटले की पोरगा व्यायाम टाळण्यासाठी वेळ काढतो आहे. चौकात जाणे बंद झाले. पुढे शाळेत खो-खोत, कॉलेजात एन. सी. सी.त, सगळीकडे तो ‘पळपुटा’ ठरला. त्याने वादही घातला नाही. तो हिशेब तपासनीस झाला, खुर्चीवर बसून करायचे काम त्याने मुद्दाम निवडले. अण्णा १९९८ साली गेले. मुलगा आळशी निघाला, ही खंत घेऊन गेले.

२००९ च्या पावसाळ्यात आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला राहायला गेलो. ज्या दिवशी सामान आले त्याच दिवशी नव्या इमारतीची लिफ्ट बंद. पुस्तकांची खोकी, डबे, शिलाईचे यंत्र, सारे चौथ्या मजल्यावर न्यायचे. हमालांना घाई होती, आकाशात पाऊस होता, आणि मी तीन-चार खेपा ओझे घेऊन झपाट्याने केल्या. रात्री दोन्ही मांड्या सुजल्या. सकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

जवळच्या दवाखान्यात रक्त तपासले, तर एस. जी. ओ. टी. आणि एस. जी. पी. टी. वाढलेले. कावीळ! उकडलेले खाणे आणि उसाचा रस सुरू झाला. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ही दोन्ही द्रव्ये यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू फुटले तरी ती रक्तात वाढतात. काविळीच्या रुग्णाचे डोळे पिवळे होतात, माझे पांढरे स्वच्छ होते. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. लघवीच्या पट्टीवर ‘रक्त आहे’ असे उत्तर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही रक्तपेशी नाही. म्हणजे तो रंग रक्ताचा नव्हता, तर फुटलेल्या स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिनचा होता. हे द्रव्य मूत्रपिंडात अडकले की मूत्रपिंड बंद पडू शकते. क्रिएटिन कायनेज नावाची तपासणी केली. निरोगी माणसात हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. माझा चाळीस हजारांवर गेला होता. चार दिवस शिरेतून सलाईन चालू होते. यंत्रावर रक्त धुवायची वेळ थोडक्यात टळली.

महिना गेला, मी हिंडूफिरू लागले, तरी तो आकडा दोन हजारांच्या खाली येईना. मग मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे पाठवणी झाली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला आणि माझ्या अंगावर काटा आला. “चालायला लागल्यावर पहिली काही मिनिटं त्रास होतो आणि तसंच हळूहळू चालत राहिलं की नंतर पाय हलके होतात का?” सेहेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. मी कुणाला सांगितलेही नव्हते, कारण असे सांगितले तर ऐकणारा म्हणेल, चालता येते ना, मग दुखते कसले? दंडातला स्नायूचा एक तुकडा काढून रंगवून पाहिला आणि नाव कळले: मॅकार्डलचा आजार. लाखात एखाद्याला होणारा.

ब्रायन मॅकार्डल हे लंडनच्या गाईज हॉस्पिटलातले डॉक्टर. १९५१ साली त्यांनी तीस वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून त्याला जरा श्रम झाले की स्नायू दुखत आणि आखडत. मॅकार्डलनी त्याच्या हाताला व्यायाम देऊन रक्त तपासले. कुणाच्याही रक्तात अशा वेळी लॅक्टिक ॲसिड वाढते; याच्या रक्तात ते वाढलेच नाही. व्यायामानंतर पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे, असे आजही लोक ठासून सांगतात. आमच्या स्नायूंत श्रमाने ते वाढत नाही आणि आमच्याइतके कुणाचे दुखत नाही, एवढे त्यांना कळवायला हरकत नसावी. मॅकार्डल यांनी अनुमान काढले की याच्या स्नायूला आपल्याच साठ्यातली साखर फोडता येत नाही. १९५९ साली ते सिद्ध झाले. साठा फोडणारे फॉस्फोरिलेज नावाचे विकर या रुग्णांच्या स्नायूंत नसते. याच विकराच्या शोधातल्या कामगिरीबद्दल कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. वैद्यकातले नोबेल मिळवणाऱ्या गर्टी कोरी या पहिल्या महिला.

डॉक्टरांचे हे बोलणे मी घरी सासूबाईंना सांगितले ते असे. प्रत्येक स्नायूत साखरेचे कोठार असते, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. माझी कोठारे भरलेली आहेत, उलट जास्तच भरलेली, पण किल्ली जन्मतःच हरवली आहे. यकृताच्या कोठाराची किल्ली निराळी, ती शाबूत आहे. तेव्हा काम सुरू झाले की माझ्या स्नायूंना बाहेरून डबा येईपर्यंत उपाशी राहावे लागते. रक्तातून साखर आणि चरबी पोहोचायला सात-आठ-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात घाई केली तर स्नायू आखडतात. तेवढा वेळ संथपणे काढला की डबा पोहोचतो, छातीची धडधड आपोआप उतरते आणि माणूस आरामात चालू लागतो. याला वैद्यकात ‘सेकंड विंड’ म्हणतात. दादा त्याला ‘दुसरा दम’ म्हणतो. माझी नाडी चालताना पाचव्या मिनिटाला एकशेचाळीस असते आणि बाराव्या मिनिटाला, त्याच वेगाने चालत असताना, एकशेपंधरा.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे ती चकलीची गोष्ट खरी होती तर.” बावीस वर्षे त्यांनी ती लक्षात ठेवली होती!

उपचार म्हणावा असे औषध या आजाराला अजून नाही. क्रिएटिन थोड्या प्रमाणात दिले तर काहींना किंचित बरे वाटले, जास्त दिले तर दुखणे वाढले. पण औषध नसले तरी पथ्य आहे, आणि ते इतके साधे आहे की त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पहिले पथ्य साखरेचे. कोपनहेगनचे जॉन व्हिसिंग आणि डॅलसचे रोनाल्ड हॅलर यांनी २००३ साली बारा रुग्णांवर प्रयोग केला. व्यायामापूर्वी पाऊण तासाच्या आत पंचाहत्तर ग्रॅम साखर पाण्यातून दिली, तर पहिल्या मिनिटांतला तो जीवघेणा भाग बराच सुसह्य झाला. पुढे २००८ साली त्यांनीच दाखवले की सदतीस ग्रॅम साखर व्यायामाच्या पाच मिनिटे आधी घेतली तरी काम भागते. सदतीस ग्रॅम म्हणजे चहाचे सपाट नऊ चमचे. डबा यायची वाट न बघता आपणच तो आधी मागवून ठेवायचा, एवढाच त्यातला अर्थ.

त्यामुळे आमच्या घरी एक नवे दृश्य दिसू लागले. लग्नकार्याला जायचे, दोन जिने चढायचे, की मी आधी लिंबाचे सरबत ढोसते आणि मगच पिशवी उचलते. “आधी सरबत, मग काम,” असे हे मला चिडवतात. रोज उठून असे करता येत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. दिवसातून तीन वेळा नऊ चमचे साखर खाणाऱ्याचे वजन आणि दात यांचे काय होईल ते सांगायला डॉक्टर नकोत.

दुसरे पथ्य खरे, आणि ते व्यायामाचे. चाळीस वर्षे सगळे सांगत होते व्यायाम कर. आजार कळल्यावर सगळे सांगू लागले आता हलू नकोस. दोन्ही सल्ले सारखेच घातक. न हलणाऱ्याचे शरीर आणखी दुबळे होते आणि मग उठून पाणी घेतले तरी आखडते. हॅलर यांनी २००६ साली आठ रुग्णांना चौदा आठवडे, बेताबेताने, सायकल चालवायला लावली; त्यांची काम करण्याची ताकद वाढली आणि कुणाला अपाय झाला नाही. मी रोज चाळीस मिनिटे चालते. पहिली दहा मिनिटे वरातीच्या चालीने. दुखू लागले की थांबायचे. ‘थोडे सहन कर, जाईल’ हे वाक्य माझ्यासाठी नाही. जड काही उचलायचे तर पाच-सहा सेकंद, मग खाली ठेवून विसावा. लघवी काळसर दिसली की चर्चा न करता रुग्णालय. पाकिटात एक चिठ्ठी कायम असते: कोलेस्टेरॉलची स्टॅटिन जातीची औषधे जपून, भूल देणाऱ्यांना आधी सांगणे, हाताला पट्टा आवळून ठेवू नये. कणीक आता यंत्र मळते. सोऱ्या मात्र मी अजून दाबते, एक घाणा मी, तीन घाणे मुलगी.

दादाला मी नाव कळल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही बाजूंनी आला तरच आजार होतो, आणि मग प्रत्येक भावंडाला तो असण्याचा संभव चारात एक असतो. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत. आईचे वडील म्हणजे अण्णांचे सख्खे मामा. एकाच पणजोबांची हरवलेली किल्ली दोन वाटांनी आमच्यापर्यंत आली होती. दादाचा रक्ताचा आकडा अठराशे निघाला, पुढे जनुकाच्या तपासणीतही तेच नाव निघाले.

तो अहवाल घेऊन आम्ही आईपुढे बसलो तेव्हा ती बाहत्तर वर्षांची होती. दादाने तिला सावकाश समजावून सांगितले. पट्टीचे नावही काढले नाही. ती बराच वेळ हातातला रुमाल घडी करीत राहिली आणि म्हणाली, “मग आमचं लग्नच व्हायला नको होतं म्हणायचं.” दादा म्हणाला, “आई, मग आम्ही दोघं तुला त्रास द्यायला कुठून आलो असतो?” ती हसली नाही. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, तिकडे बघून म्हणाली, “त्यांना कळायला हवं होतं रे. पोराला चौकात चालू दिलं असतं त्यांनी.” दादा उठून खिडकीशी गेला. पन्नास वर्षांच्या माणसाचे खांदे मी तेव्हा हलताना पाहिले. नंतर तो अहवाल त्याने देवघराच्या खणात, अण्णांच्या जुन्या डायऱ्यांबरोबर ठेवला. अजून तिथेच आहे.

२०१८ साली दादाला मधुमेह निघाला आणि साखरेचा मार्ग त्याला बंद झाला. आता त्याचे सारे लहानपणच्या त्या युक्तीवर चालते. मी पुण्याला गेले की आम्ही पहाटे पर्वतीला जातो. एकशे तीन पायऱ्या आहेत. लोक खाली गाडी लावतात आणि तडक चढू लागतात. आम्ही दोघे म्हातारी पायथ्याशी दहा मिनिटे नुसती येरझाऱ्या घालतो. रोज येणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, “काका, कुणाची वाट बघताय का?” दादा म्हणाला, “हो, यायचाच आहे आता.” मग माझ्याकडे वळून, “बेबी, तुझा आला का?” मी नाडी मोजते. “अजून दोन मिनिटं,” म्हणते. त्याचा माझ्याआधी येतो, तरी तो थांबतो. मग आम्ही चढतो.